पांढऱ्यात पांढरं

त्या वर्षी धरणाचं पाणी इतकं हटलं, की तळातले खडक बोटींच्या वाटेत आले. आधी एकच काळा सुळका वर आला, मग त्याच्या आसपास दहा-बारा. प्रवासी बोटी सवयीने पैलतीराला जायच्या आणि अंग खरवडून परत यायच्या. एक नंबर बोटीचा नावाडी उंच, किडकिडीत, मान पुढे काढून चालणारा. त्याला सगळे बगळ्या म्हणत. तो म्हणायचा, "बोट नाही, बैलगाडी हाकतोय मी. तीही खडीच्या रस्त्यावर."

पुढे पाणी धक्क्यापासून फारच लांब गेलं आणि फेऱ्या थांबल्या. सहाही फायबरच्या बोटी ओढून काठावर आणल्या, जुन्या टायरांवर कुशीला कलत्या करून ठेवल्या. मालकाने त्या दुसऱ्या एका मोठ्या जलाशयावर विकायचं ठरवलं होतं. तिकडचा माणूस बघायला यायचा होता. त्याआधी एकूण एक टवका भरून बोटी नव्यासारख्या करायच्या, असा निरोप घेऊन मॅनेजर मिस्त्रीच्या दारात आला.

"वीस दिवस आहेत. जमेल?"

"सहा बोटी, वीस दिवस," मिस्त्री म्हणाला. "झोपेत जमेल."

आतून त्याची बायको म्हणाली, "झोपेतच करा मग. जागेपणी नुसत्या कमरेला हात लावून उभे असता."

मिस्त्रीने फायबरच्या कामात तीस वर्षं काढली होती. आसपासच्या कुठल्याही बोटीचा टवका उडाला की ती त्याच्याकडेच यायची. त्याच्या मुलाने हे काम उचललं नाही. फायबरची धूळ छातीत गेली की त्याला धाप लागायची. तो पाण्याचा टँकर चालवायला लागला. मुलगा या कामातून गेला आणि सून आली. एकदा सासऱ्याला डबा द्यायला म्हणून काठावर गेली, तो जेवेपर्यंत तिने सहज पॉलिश पेपर हातात घेतला, आणि चार वर्षं झाली तरी तो खाली ठेवला नव्हता. टवका खरवडणं, घासणं, धुणं, चमकवणं हे तिचं. पण रंग कालवायचा डबा मिस्त्रीचा. त्यात दुसऱ्या कुणी काडी बुडवायची नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

काम म्हटलं तर बारीक. बोटीच्या फायबरवर जेलकोटची पातळ, गुळगुळीत साल असते. दगड लागला की त्या सालीचा नखाएवढा टवका उडतो आणि आतलं फायबर उघडं पडतं. तसंच ठेवलं तर तिथून पाणी मुरतं. म्हणून टवक्याच्या कडा आधी खरवडून मोकळ्या करायच्या, थिनरने पुसायचं, भोवती टेप लावायची, नवा जेलकोट कालवून काडीने भरायचा, किंचित वर राहील इतका. त्यावर प्लास्टिकचा तुकडा बोटाने चिकटवायचा, नाहीतर हवेने वरचा थर चिकटच राहतो. सुकलं की पाणी मारत घासत जायचं, जाड कागदावरून बारीक कागदावर, आणि शेवटी चमक.

हे कुणीही शिकेल. अवघड असतो तो पांढरा रंग. डब्यातला पांढरा वेगळा आणि बारा वर्षं उन्हात राहिलेल्या बोटीचा पांढरा वेगळा. त्यात पिवळ्याचा अंश लागतो, काळ्याचा कण लागतो, कधी तपकिरीचा वास दाखवावा लागतो. थोडं कालवायचं, टवक्याशेजारी एक ठिपका लावायचा, बघायचं, पुसायचं, पुन्हा कालवायचं. ठिपका बोटीत दिसेनासा झाला की रंग जमला.

पहिली बोट चौथ्या दिवशी तयार झाली. सकाळचं ऊन आडवं पडलं होतं. मॅनेजर हात मागे बांधून बोटीभोवती फिरला, पुन्हा फिरला आणि थांबला.

"मिस्त्री, हे काय हो? बोटीला कोड फुटलंय की."

बगळ्या हसला. झाडलोट करणाऱ्या दोघी हसल्या. बोटीच्या अंगावर चाळीसेक ठिकाणी पांढरेफटक डाग उठले होते. लांबूनही मोजता आले असते.

"ओलं आहे अजून," मिस्त्री म्हणाला. "मुरलं की बसेल."

"परवा भरलंय ना?"

"दुकानदाराने पांढरा बदलून दिलाय. आधीचा असा नव्हता." मिस्त्री बोटीजवळ गेला, मान तिरकी करून त्याने बघितलं, हात फिरवला. हाताला सगळं सपाट लागत होतं. मग तो सुनेकडे वळला. "पोरी, तू आजूबाजूचं नीट घासलं नाहीस. जुनी मळकट साल तशीच ठेवलीस. मग काय होणार?"

"हो मामा," ती म्हणाली.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आजूबाजूचं तिने घासलं होतं. कोपरं सोलवटेपर्यंत घासलं होतं.

तिला हे गेल्या दोन-तीन वर्षांपासून दिसत होतं. मामा कुठलीही गोष्ट तिरक्या मानेने बघायला लागले होते. दुपारी डोळ्यांवर हात धरून चालायचे. निळ्या बादलीला हिरवी म्हणायचे, आणि कुणी सुधारलं तर "तेच ते" म्हणायचे. तिने नवऱ्याला सांगितलं होतं.

"वय झालंय," तो म्हणाला होता. "तू बोलू नकोस बाई. त्यांच्या डोळ्यांवर बोललीस तर डोक्यावर घेतील घर."

त्या संध्याकाळी सासूला सांगितलं, तेव्हा ती गुडघ्याला तेल चोळत होती.

"मला काय सांगतेस? परवा म्हणाले, तुझे केस अजून काळेच आहेत की. मी म्हटलं, असू दे. एवढा एक फायदा." ती हसली, मग हसू थांबलं. "डॉक्टरचं नाव काढलं की चार दिवस बोलत नाहीत माझ्याशी. तू असं कर. त्यांचा डबा तू सांभाळ. त्यांना कळायला नको."

"डब्यात हात घालू?"

"घाल. मी सांगते म्हणून घाल."

पहिल्या बोटीचे चाळीस डाग खरवडून काढायला तिला दीड दिवस लागला. पत्र्याच्या टोकाने एकेक उकरायचा. पांढरा भुगा नाकावरच्या रुमालातून आत जायचा, मानेवर, मनगटावर, कोपराच्या घडीत बसायचा आणि घाम आला की चावायला लागायचा. खाजवलं तर आणखी आत जातो. तिने दात ओठांवर दाबून धरले आणि उकरत राहिली.

मिस्त्रीने नव्याने रंग कालवला. ठिपका लावला. नाक बोटीला टेकेल इतका वाकून बघितलं.

"जमला."

ठिपका भिंतीवरच्या चुन्यासारखा चमकत होता.

जेलकोट घट्ट करणाऱ्या हार्डनरची बाटली ऊन लागू नये म्हणून झाडाखाली ठेवलेली असायची. मिस्त्री ती आणायला वळला. ती खाली वाकली, आगकाडीच्या टोकाने पिवळा उचलला, टाचणीवर काळा, दोन्ही डब्यात फिरवले. ठिपका लावला. अजून थंड वाटत होता. तपकिरीला नुसतं काडीचं टोक लावलं, पुन्हा ठिपका. यावेळी बोटीने तो गिळला. तिने पुसून टाकला आणि सरळ उभी राहिली. कुणाच्या तरी कपाटाला हात लावल्यासारखं तिला वाटत होतं.

मिस्त्री परत आला. ओठ हलवत त्याने हार्डनरचे थेंब मोजले. जास्त पडला तर भरलेलं तडकतं, कमी पडला तर आठवडाभर चिकट राहतं. हे मात्र त्याला डोळे बांधून जमलं असतं. त्याचा हात कधी हलला नाही, त्याचा अंदाज कधी चुकला नाही.

यावेळी मॅनेजर बोटीभोवती तीनदा फिरला. "आता कसं! कुठे होतं तेच कळत नाही."

"मी म्हटलं नव्हतं? आजूबाजूचं घासलं नव्हतं पोरीने," मिस्त्री म्हणाला.

तशीच दुसरी, तिसरी आणि चौथी बोट झाली. ऊन चढायच्या आत ती खरवडून ठेवायची, मिस्त्री भरायचा, दुपारी दोघं झाडाखाली डबा खायची, मग घासकाम. एका बोटीच्या नाकाचा टवका आतपर्यंत गेला होता. तिला तो वरचाच वाटला, पण मिस्त्रीने बोटाच्या पेराने ठोकून बघितलं आणि म्हणाला, "आत पोकळ आहे. ऐक." तिने ऐकलं. शेजारी टणक आवाज यायचा, तिथे भद्द यायचा. उकरलं तर खरंच ओलसर काळं फायबर निघालं. अशा वेळी तिला वाटायचं, आपण करतोय ते किती छोटं आहे, आगकाडीच्या टोकाएवढं, आणि तरी सांगता येत नाही.

मिस्त्रीची कळी खुलली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून तो म्हणायचा, "हात फिरवा. फिरवा की. सापडतोय का टवका?" घरी जेवताना बायकोला म्हणाला, "अगं, मध्ये मला वाटायला लागलं होतं, की माझी नजर गेली की काय. पण नाही. पांढऱ्यात पांढरं मिळवावं ते मीच."

सासूने सुनेकडे बघितलं नाही. सुनेने ताटातून मान वर केली नाही.

पाचव्या बोटीच्या वेळी टँकरची वेळ बदलली. रोज संध्याकाळी येणारा टँकर सकाळी यायला लागला, आणि तोही नवऱ्याचा नाही, दुसराच. सासूचे गुडघे असे, की घागर सोडा, स्वतःला उचलून उभं राहणं हेच काम. रांगेत सून गेली. "मामा, टवके सगळे खरवडून ठेवलेत. भरायचं तेवढं मी आल्यावर करू," ती जाताना म्हणाली.

"तू काय भरतेस? भरतो मी," मिस्त्री म्हणाला आणि निघाला.

टँकर उशिरा आला. रांगेत भांडण झालं, कुणाची तरी कळशी फुटली, पुन्हा रांग लागली. ती काठावर पोचली तेव्हा दुपार कलली होती. पाचव्या बोटीचे बत्तीस टवके भरून, प्लास्टिक लावून तयार होते.

"बघ," मिस्त्री म्हणाला. "तुझ्यावाचून अडलं का काही?"

तिने एका कडेचं प्लास्टिक उचलून बघितलं आणि परत खाली दाबलं. आत तोच चुन्यासारखा पांढरा होता. सांगावं तर काय म्हणून सांगावं? दुसऱ्या दिवशी पहाटेच येऊन सगळं उकरून काढू, असं तिने मनाशी ठरवलं.

पण दुसऱ्या दिवशीही टँकर सकाळीच आला.

मिस्त्रीने स्वतःच घासून बोट चमकवली आणि मॅनेजरला हाक मारली. मॅनेजर आला. बगळ्याने बादलीभर पाणी बोटीवर मारलं, धूळ उतरली आणि बत्तीसच्या बत्तीस डाग वर आले.

मॅनेजरने एका डागावर अंगठा घासून बघितला. मग म्हणाला, "मिस्त्री, चेष्टा करताय का माझी?"

"काय झालं?"

"काय झालं? चार बोटी सोन्यासारख्या केल्यात, आणि ही? त्यांचा माणूस पाच दिवसांवर आलाय. मी काय दाखवू त्याला?"

मिस्त्री वाकला. तिरकी मान, मग सरळ. बोटीचा पांढरा आणि टवक्याचा पांढरा त्याला एकच दिसत होता. चारही बोटींवर दिसला होता तसाच. डबा तोच, काडी तीच, हात तोच.

"मीच केलंय," तो म्हणाला. "त्या चार केल्या तसंच."

"काल सूनबाई नव्हती ना," बगळ्या म्हणाला. वाईट हेतूने नाही, आपलं सहज, पाणी खोल आहे की उथळ ते सांगावं तसं.

मॅनेजर इकडेतिकडे बघायला लागला. झाडलोटवाल्या बायका झाडू हातात धरून जमिनीकडे बघत राहिल्या. मिस्त्रीने सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून बघितलं. कुणाचंच तोंड त्याला नीट दिसलं नाही, पण कुणालाच आश्चर्य वाटलं नव्हतं, एवढं त्याला दिसलं. त्याने डबा उचलला, झाकण लावलं आणि घरी निघाला. वाटेत तो दोनदा ठेचकाळला.

सून पाण्याच्या घागरी उतरवत होती. मिस्त्री ओट्यावर बसला. पिशवीतून त्याने तीन झाकणं काढून पुढे ठेवली.

"यात तीन पांढरे कर. एक डब्यातला नुसता. एक बोटीचा. एक तुला वाटेल तो."

"मामा, मी..."

"कर म्हटलं ना."

तिने केले. सासू भिंतीला धरून दारात येऊन उभी राहिली.

"आता जागा बदल."

तिने झाकणं फिरवली. मिस्त्रीने पहिलं झाकण उचलून डोळ्यांशी नेलं, उजेडाकडे धरलं, खाली ठेवलं. दुसरं उचललं. तिसरं. पुन्हा पहिलं. बराच वेळ गेला. मग मधल्या झाकणावर बोट ठेवून तो म्हणाला, "हा बोटीचा."

सुनेने सासूकडे बघितलं.

"बोला की!"

"नाही मामा," ती म्हणाली. "तो डब्यातला."

त्याने झाकणं हाताने लोटून दिली. एक घरंगळत सासूच्या पायाशी गेलं.

"किती दिवस?"

"पहिली बोट पुन्हा केली तेव्हापासून."

"आणि मी गावभर सांगत फिरलो, हात फिरवा म्हणून! सगळ्यांना ठाऊक होतं. त्या बगळ्याला ठाऊक होतं. एक मीच खुळा. चोरून हात घातलास माझ्या डब्यात. त्यापेक्षा तोंडावर म्हणायचंस, मामा तुम्ही आंधळे झालात!"

"तिला कशाला बोलता?" सासू म्हणाली. "मी घालायला लावला हात."

"तू?"

"मी. तोंडावरच म्हणत होते की तीन वर्षं. डॉक्टरकडे चला म्हटलं की जेवण सोडून उठत होता. तुमच्याशी भांडत बसायचं की चालवायचं घर, तेवढंच बघितलं मी."

मिस्त्री भिंतीकडे तोंड करून बसला. जेवायलाही उठला नाही. मुलगा टँकर लावून आला, त्याने चपला काढता काढता घरातली शांतता ऐकली आणि बायकोला खुणेने विचारलं. तिने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत मुलगा उभा राहिला. टँकरवरची आपली पाळी त्याने दुपारवर ढकलली होती. सून एकटी काठावर गेली.

"मिस्त्री कुठाय?" मॅनेजरने विचारलं.

"अंगात कणकण आहे."

"मग तू काय करणार?"

"उकरते."

"उकरशील, पण भरणार कोण?"

ती खाली बसली आणि पत्र्याचं टोक पहिल्या डागाच्या कडेत घातलं. मॅनेजर थोडा वेळ उभा राहिला, "बघ बाई," म्हणाला आणि गेला.

दोन दिवस ती उकरत होती. रंग तिने कालवला, तो जमलाही. पण हार्डनरपाशी ती अडली. किती रंगाला किती थेंब, हे तिने हजारदा बघितलं होतं आणि एकदाही केलं नव्हतं. मोजून टाकला तरी ऊन वाढलं की तो आधीच घट्ट व्हायला लागायचा. काडीवरचा जेलकोट टवक्यात पोचेपर्यंत दह्यासारखा फुटायचा. दोन डबे वाया गेले. तिसऱ्या वेळी ती झाडाखाली बसून राहिली. रडू येत नव्हतं; नुसतीच मान आणि मनगटं चावत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला. झाडाखाली बसला, हार्डनरची बाटली पुढ्यात घेतली आणि हात पसरला. तिने कालवलेला डबा त्याच्या हातात दिला. त्याने तो हलवून वजन बघितलं, आभाळाकडे तोंड करून ऊन किती आहे ते गालावर बघितलं, आणि थेंब मोजले.

"पटकन भर. आज दहा मिनिटंच मिळतील," तो म्हणाला. तीन दिवसांत तेवढंच.

पाचवी झाली. सहावी झाली. दोघं डबाही एकाच झाडाखाली खायची, पण पाठीला पाठ करून.

ठरल्या दिवशी जलाशयावरचा माणूस आला. पांढरा शर्ट, हातात छोटी टॉर्च. काम ओळखणारा होता. त्याने बोटींच्या बुडाखाली टॉर्च मारली, नखाने कडा तपासल्या, सहाही बोटी बघायला त्याला तास लागला. मॅनेजर मागेमागे होता. शेवटी तो पाचव्या बोटीपाशी थांबला आणि तिच्या कुशीवर हात ठेवून उभा राहिला.

"जुन्या बोटीवर रंग मिळवणं कुणाला जमत नाही. आमच्याकडे तर नवीन डबा ओतून मोकळे होतात. कुणी केलंय हे?"

"आमचे मिस्त्री," मॅनेजर फुगून म्हणाला. "तीस वर्षं हेच काम. या मिस्त्री, पुढे या."

मिस्त्री पुढे आला.

"आमच्याकडे बावीस बोटी आहेत," तो माणूस म्हणाला. "वर्षभर काही ना काही चालू असतं. राहायला खोली देतो. याल का?"

सून बोटीच्या पलीकडे फडकं पिळत होती. ती तशीच थांबली. इथल्या धरणात आता बोटी राहणार नव्हत्या. मासेमारांच्या पाच-दहा होड्या सोडल्या तर कामच उरणार नव्हतं. हे तिला ठाऊक होतं, मॅनेजरला होतं, मिस्त्रीलाही होतं. हो म्हणायला एक शब्द पुरला असता. बगळ्याही काही बोलला नसता. त्या दिवसापासून तो मिस्त्रीची नजर चुकवत होता.

मिस्त्रीने बोटीच्या पलीकडे हात केला.

"रंग हिने मिळवलाय," तो म्हणाला. "माझ्या सुनेने. मला दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे?"

"पांढऱ्यात पांढरं दिसत नाही. पहिल्यांदा मी केलं होतं ते डाग पडलेलं. विचारा यांना."

मॅनेजर खाली बघायला लागला. तो माणूस सुनेकडे वळला. तिने फडकं खाली ठेवलं आणि हात पाठीमागे पुसले.

"तुम्ही याल?"

"दोघं येऊ," ती म्हणाली. "हार्डनर मामांचा लागतो. टवका किती खोल गेलाय ते त्यांनाच कळतं."

"दोन माणसांचं काम नाही हो ते." त्याने टॉर्च खिशात टाकली. "आणि बाई माणूस, एवढ्या लांब... बघू. लागलं तर कळवतो."

दुपारी ट्रक आले. दोर बांधून, फळ्या टाकून एकेक बोट चढवली. संध्याकाळपर्यंत काठावर नुसते टायर उरले आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या भुग्याचे सहा लांबट डाग.

घरी जाताना मिस्त्री म्हणाला, "ते दवाखान्याचं कुठे असतं, विचार त्याला." तो मुलाबद्दल बोलत होता.

"विचारते मामा."

पंधरा दिवसांनी मुलाने त्याला टँकरमध्ये शेजारी बसवून नेलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, काळा चष्मा आला. घरात काही दिवस मिस्त्री एकेक वस्तू हातात घेऊन बघत बसायचा. मिठाची बरणी, धुतलेला टॉवेल, चुन्याची भिंत. "केवढं पांढरं आहे हे," असं एकदा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आनंद नव्हता. सासू म्हणाली, "घ्या. आता दिसतंय तरी तोंड वाकडंच."

डॉक्टरांनी फिरायला परवानगी दिली तेव्हा तो सुनेला घेऊन काठावर गेला. पाणी आणखी आत गेलं होतं. मासेमारांच्या फायबरच्या अकरा होड्या वाळूत पालथ्या पडल्या होत्या. त्या त्याच्याच हातच्या. प्रत्येकीचे टवके गेल्या दोन-तीन वर्षांत त्यानेच भरले होते.

पहिल्या होडीपाशी तो थांबला. चष्मा काढला. मळकट, पिवळट पाठीवर सात पांढरेफटक डाग. दुसऱ्या होडीवर अकरा. तिसरीवर एक मोठा, तळहाताएवढा. तो पुढे पुढे जात राहिला आणि ती मागे चार पावलं अंतर ठेवून चालत राहिली. आठव्या होडीच्या सावलीत एक म्हातारा मासेमार जाळं शिवत बसला होता.

"या मिस्त्री. उघडले डोळे?"

"हा डाग कधीचा?"

"हा? मागच्या उन्हाळ्यातला. तुम्हीच भरलाय की."

"मग बोलला नाहीस?"

म्हाताऱ्याने दोरा दाताने तोडला. "पाणी येत नाही ना आत. मासे काय रंग बघतात?"

मिस्त्री हसला नाही. तो त्या डागावर हात ठेवून उभा राहिला. दोन वर्षं. अकरा घरं. रोज सकाळी या होड्या उलथ्या करताना, पाण्यात ढकलताना, माणसांनी हे बघितलं होतं आणि त्याला रस्त्यात भेटल्यावर तब्येत विचारली होती. कुणीतरी भांडायला यायला हवं होतं. कुणीच आलं नव्हतं.

"पहिल्यापासून घेऊ," तो म्हणाला.

"काय मामा?"

"सगळं उकरायचं. अकराच्या अकरा."

"डॉक्टरांनी धुळीत बसायचं नाही म्हटलंय."

"धूळ तू कर. मी लांब बसतो. नाहीतर राहू दे, महिनाभराने मीच करीन."

तिने अकराही होड्या एकदा मोजल्या. मग घरी जाऊन पिशवी घेऊन आली. पत्रा, पेपर, थिनर, तीन रंगांच्या बाटल्या. म्हाताऱ्या मासेमाराने जाळं आवरलं आणि "अहो, पण कशाला?" म्हणत बाजूला सरला. तिने रुमाल नाकावर बांधला आणि पहिल्या होडीच्या सात डागांतला पहिला उकरला.

मिस्त्री लांब, वारा येत होता त्या बाजूला बसला होता. ती उकरून झाल्यावर त्याने डबा मांडीत घेतला, पांढरा ओतला आणि काडी हातात धरून थांबला. डोळा आता बघू शकत होता, पण हाताला तीन वर्षांची दुसरीच सवय लागली होती. त्याने काडी तिच्या दिशेने धरली, मग मागे घेतली.

"पिवळा किती घालायचीस तू?" त्याने विचारलं.

ती त्याच्याजवळ येऊन उकिडवी बसली. "आधी टोकावर येईल एवढा. मग बघायचं."

त्याने काडीच्या टोकाने पिवळा उचलला, डब्यात फिरवला, होडीवर ठिपका लावला. दोघंही वाकली. ठिपका अजून दिसत होता. दोघांनाही दिसत होता. त्याने पुन्हा पिवळ्यात काडी घातली आणि डब्यावर आणली.

"बास," ती म्हणाली. "एवढा नको मामा."

मिस्त्रीने हात थांबवला.